आधी अंदाज, मग समीकरण

(अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र सगळ्यांनाच आपलंसं वाटतं. भाव वाढला की मागणी घटते, पुरवठा वाढतो, दोन रेषा छेदतात तिथे बाजारभाव ठरतो. घरी जाऊन सांगितलं तर घरच्यांनाही पटतं. मग दुसरं वर्ष उजाडतं आणि फळ्यावर लाग्रांजचा गुणक येतो, आंशिक विकलज (पार्शल डेरिव्हेटिव्ह) येतात, आठ-दहा ओळींच्या सिद्धता येतात. वर्गाचे दोन भाग पडतात ते इथे. काही जण आकृत्या घट्ट धरून बसतात आणि समीकरण आलं की पान उलटतात. काही जण डेरिव्हेटिव्ह झपाझप काढतात, शून्याबरोबर मांडतात, उत्तराला चौकट करतात. पण त्या उत्तराचा अर्थ विचारला की त्यांना बोलता येत नाही.

माझं म्हणणं असं आहे की या दोघांच्याही हाती अर्धाच विषय लागलेला असतो, आणि उरलेला अर्धा नंतर सवडीने जोडू म्हटलं तर जुळत नाही. अंदाज आणि गणित यांना एकाच प्रश्नावर, एकाच बैठकीत समोरासमोर बसवावं लागतं. आधी कागदावर अंदाज लिहायचा: ही गोष्ट वाढेल की घटेल, आणि का. मग गणित करायचं. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर चूक कुणाची हे सापडेपर्यंत उठायचं नाही. कधी अंदाज चुकलेला असतो, तर कधी गणितात आपण असं काही गृहीत धरलेलं असतं की जे त्या बाजाराला लागूच पडत नाही. दोन्ही प्रकारची उदाहरणं आज तुमच्यासमोर ठेवतो.

अर्थशास्त्रात गणित किती वापरावं, या वादात सर्वांत जास्त उल्लेख होतो तो अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलचा. मार्शल हा केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८६५ साली दुसरा आलेला माणूस. म्हणजे गणित येत नव्हतं म्हणून तो गणिताला नावं ठेवत होता असं म्हणायची सोय नाही. १८९० साली त्याचा मोठा ग्रंथ आला, त्यात आकृत्या तळटीपांत आणि समीकरणं शेवटच्या परिशिष्टात ठेवलेली होती. १९०६ साली बाउली या संख्याशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली पद्धत सांगितली आहे. तिचा आशय असा: गणित हे लघुलिपीसारखं वापरा, शोधाचं यंत्र म्हणून नव्हे, काम संपेपर्यंत ते ठेवा, मग साध्या भाषेत उतरवा, मग खऱ्या आयुष्यातली महत्त्वाची उदाहरणं द्या, आणि मग गणित जाळून टाका. उदाहरणं देता आली नाहीत तर साध्या भाषेत लिहिलेलंही जाळा.

यातला साध्या भाषेत उतरवण्याचा आणि उदाहरणांचा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. गणित जाळण्याचा भाग मात्र मान्य नाही. जाळलं की तुम्ही काय गृहीत धरलं होतं ते दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही. आणि शोधाचं यंत्र म्हणून गणित वापरू नका हे तर अजिबातच पटत नाही, कारण काही गोष्टी गणितानेच उघड केल्या. केवळ विचार करून त्या कुणाला दिसल्या नव्हत्या.

याचा सगळ्यात ठळक पुरावा शिकागो विद्यापीठातला आहे. जेकब व्हायनर हा त्या काळातला अव्वल अर्थशास्त्रज्ञ. १९३१ साली त्याने उत्पादनखर्चाच्या वक्रांवर एक निबंध लिहिला. अल्पकाळात कारखान्याचा आकार बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक आकाराच्या कारखान्याचा स्वतःचा इंग्रजी यू अक्षरासारखा सरासरी खर्चाचा वक्र असतो. दीर्घकाळात आकारही निवडता येतो, म्हणून दीर्घकालीन वक्र या सगळ्यांच्या खाली राहतो. इथवर ठीक. व्हायनरने आकृती काढून देणाऱ्या वाँग या गणितज्ञाला सांगितलं की दीर्घकालीन वक्र प्रत्येक छोट्या वक्राच्या सर्वांत खालच्या बिंदूतून जाऊ दे, आणि तो कोणत्याही छोट्या वक्राच्या वर कुठेही जाता कामा नये. ऐकायला किती सरळ वाटतं! दीर्घकाळात आपण प्रत्येक कारखाना त्याच्या सर्वांत स्वस्त जागीच चालवणार ना? वाँगने सांगितलं की अशी आकृती काढताच येत नाही. व्हायनरला आक्षेप कळला नाही. आपण समजावूनही आकृतीकार ऐकत नाही, त्याचा काहीतरी गणिती आक्षेप आहे आणि तो आपल्याला समजत नाही, हे त्याने निबंधाच्या तळटीपेत तसंच्या तसं छापलं. पुढे १९५० साली निबंध पुन्हा निघाला तेव्हाही चूक काढून न टाकता तिच्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं. हा मोठेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या तळटीपेमुळेच आज आपल्याला हा प्रसंग माहीत आहे.

आता वाँगचा आक्षेप पाहू. कोणत्याही यू-आकाराच्या वक्राच्या तळाशी स्पर्शरेषा आडवी असते, म्हणजे उतार शून्य. दीर्घकालीन वक्र तिथे पोचतो आणि छोट्या वक्राच्या वर जात नाही, म्हणजे तो तिथे छेदत नाही, फक्त स्पर्श करतो. स्पर्श करतो म्हणजे दोघांचा उतार सारखाच. तर मग दीर्घकालीन वक्राचाही उतार तिथे शून्य. हे प्रत्येक छोट्या वक्राच्या तळाशी व्हायचं असेल तर दीर्घकालीन वक्र सगळीकडे सपाट हवा. व्हायनरला तर तो यू-आकाराचा हवा होता. दोन अटी एकत्र नांदूच शकत नाहीत.

एवढ्यावर थांबलात तर गणित जिंकलं आणि अंदाज हरला, असा समज होईल. पण अंदाज नेमका कुठे घसरला हे कळल्याशिवाय शिकणं पूर्ण होत नाही. म्हणून आकडे घेऊन बसा. समजा, एकूण खर्च असा आहे: उत्पादनाचा वर्ग भागिले यंत्राची क्षमता, अधिक क्षमतेचा वर्ग. क्षमता २ असलेलं यंत्र घ्या. त्याचा सरासरी खर्च म्हणजे उत्पादनाचा निम्मा, अधिक ४ भागिले उत्पादन. हा सर्वांत कमी कधी? उत्पादन ८ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.८३ असताना, आणि तेव्हा सरासरी खर्चही २.८३ येतो. आता तेवढंच उत्पादन लहान यंत्रावर, सुमारे १.५९ क्षमतेच्या, काढून पाहा. सरासरी खर्च सुमारे २.६७ पडतो. म्हणजे क्षमता २ चं यंत्र स्वतःच्या सर्वोत्तम जागी चाललेलं असूनही तेवढ्या मालासाठी ते योग्य यंत्र नव्हतं. ते योग्य ठरतं उत्पादन ४ असताना. तिथे सरासरी खर्च ३ आहे, यंत्र आपल्या तळापासून बऱ्यापैकी पुढे, चढणीवर चाललेलं आहे, आणि तरीही ४ नग काढायला त्याहून स्वस्त दुसरं यंत्र नाही. त्या बिंदूवर दोन्ही वक्रांचा उतार काढा, दोन्हीकडे पाव येतो.

अंदाजाने दोन प्रश्नांची गल्लत केली होती. 'या यंत्राला कोणतं उत्पादन सर्वांत सोईचं?' हा एक प्रश्न. 'या उत्पादनाला कोणतं यंत्र सर्वांत सोईचं?' हा दुसरा. दीर्घकालीन वक्र दुसऱ्याचं उत्तर देतो. हे एकदा उमगलं की आकृती पाठ करावी लागत नाही.

आता ग्राहकाकडे वळू. दुसऱ्या वर्षातलं सर्वांत धास्तीचं समीकरण स्लुत्स्कीचं. अर्थशास्त्रज्ञ युजेन स्लुत्स्की तेव्हा कीव्हमध्ये होता. १९१५ साली, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, त्याचा निबंध एका इटालियन नियतकालिकात आला आणि जवळजवळ कुणाच्याच वाचनात आला नाही. १९३४ साली हिक्स आणि ॲलन हे दोघे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे तिथेच पोचले, आणि जुना निबंध सापडल्यावर त्यांनी श्रेय स्लुत्स्कीला दिलं. समीकरण बोलीत सांगायचं तर असं: भाव एक रुपयाने वाढला की खरेदीत होणारा बदल दोन भागांचा असतो. पहिला भाग पर्यायतेचा, म्हणजे महाग वस्तूकडून दुसरीकडे वळणं. दुसरा उत्पन्नाचा, म्हणजे भाव वाढल्याने आपण जेवढे गरीब झालो तेवढ्यापुरता बदल. या दुसऱ्या भागात खरेदी केलेलं प्रमाण गुणक म्हणून येतं.

विद्यार्थी हा गुणक नुसता लिहून पुढे जातात. इथे थांबा, कारण समीकरणाचा जीव त्यातच आहे. महिन्याला २५ किलो तांदूळ विकत घेणारं कुटुंब घ्या. किलोमागे एक रुपया वाढला तर ते किती गरीब झालं? अंदाज सांगतो २५ रुपयांनी. मग मनात शंका येते: भाव वाढल्यावर ते थोडा कमी तांदूळ आणि थोडी जास्त ज्वारी घेतील, मग तोटा २५ पेक्षा कमी नाही का? शंका बरोबर आहे. समजा, ते २४ किलोवर आले, तर या फेरबदलाने त्यांचे साधारण ५० पैसे वाचतात. आता भाव रुपयाऐवजी १० पैशांनीच वाढवा. तोटा दहाव्या हिश्शावर येतो, अडीच रुपये. फेरबदलही दहावा हिस्सा, १०० ग्रॅम. पण वाचलेले पैसे? अर्धा पैसा. तोटा दहापट कमी झाला, बचत शंभरपट. भाववाढ जितकी बारीक घ्याल तितकी फेरबदलाची बचत नगण्य होत जाते आणि तोटा म्हणजे 'वाढलेला भाव गुणिले घेतलेले किलो' एवढंच उरतं. पुस्तकात पुढे एन्व्हलप प्रमेय म्हणून जे येतं ते हेच. वाँगच्या आकृतीतला स्पर्श आणि तांदळाचा हा अर्धा पैसा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत: जिथे निवड आधीच उत्तम आहे, तिथे ती किंचित हलवून जवळपास काहीच मिळत नाही.

त्या गुणकामुळे आणखी एक गोष्ट उलगडते. गिफेन वस्तूबद्दल तुम्ही वाचलंय: भाव वाढला तरी मागणी वाढते. वर्गात सांगितलं जातं की त्यासाठी वस्तू निकृष्ट असावी लागते, म्हणजे उत्पन्न वाढलं की तिची मागणी घटावी. पण तेवढ्याने भागत नाही. एखाद्या घरात उत्पन्न वाढल्यावर एखादी स्वस्त वस्तू कमी घेतली जात असेल, पण तिच्यावर महिन्याला वीस रुपयेच जात असतील तर भाव दुप्पट झाला तरी ते घर गरीब होत नाही, आणि पर्यायतेचा परिणामच वरचढ ठरतो. गिफेन परिणाम दिसायचा तर त्या वस्तूने ताटाचा मोठा भाग व्यापलेला हवा. म्हणून शोध घ्यायचा तर गरिबाच्या मुख्य धान्यात घ्यायचा. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी तेच केलं. चीनच्या हुनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत दिली, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तांदूळ स्वस्त झाल्यावर त्या कुटुंबांनी तांदूळ कमी खाल्ल्याचं दिसलं. गान्सू प्रांतात गव्हाबाबत पुरावा तितका पक्का निघाला नाही. आणि हुनानमध्येही जे अगदीच गरीब होते, ज्यांच्या ताटात तांदळाशिवाय जवळजवळ काही नव्हतंच, त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही, कारण अदलाबदल करायला दुसरं काही हवं ना. कुठे पाहायचं हे समीकरणाने सांगितलं, आणि पाहायला गेल्यावर जे दिसलं ते समीकरणाहून बारकाईचं होतं.

आता हेच समीकरण कोकणातल्या एका भातशेती करणाऱ्या घराला लावा. घरचा तांदूळ १२ क्विंटल, वर्षाला खायला ७ क्विंटल, ५ क्विंटल विकायला. तांदळाचा भाव किलोमागे एक रुपयाने वाढला. हे घर गरीब झालं का? उलट ५०० रुपयांनी सधन झालं. गुणक आता 'खाल्लेला तांदूळ' नाही, 'खाल्लेला वजा पिकवलेला' असा आहे, आणि तो ऋण आहे. उत्पन्नाच्या भागाचं चिन्ह फिरतं. त्यामुळे तांदूळ महागल्यावर या घरात तो जास्त खाल्ला जाणं शक्य आहे, आणि त्यात गिफेनचा काही संबंध नाही. एकाच वाडीत एक घर विकत घेणारं आणि दुसरं विकणारं असेल, तर भाववाढीने एकाचं ताट आवळतं आणि दुसऱ्याचं सैल होतं. धान्याच्या भावाबद्दल सरसकट विधान करणाऱ्याला म्हणूनच आधी विचारावं की तुम्ही कोणत्या घराबद्दल बोलताय. मजुरीचंही तसंच आहे: प्रत्येकाकडे दिवसाचे २४ तास घरच्या पिकासारखे असतात, म्हणून मजुरी वाढल्यावर माणूस जास्त काम करेल की कमी हे चिन्ह आधी सांगता येत नाही. ते तुम्ही स्वतः मांडून पाहा.

इथवर गणिताने अंदाजाला सुधारलं. आता उलटी बाजू.

परीक्षेत तुम्हाला सर्वाधिक भेटणारं फल, म्हणजे फंक्शन, कॉब-डग्लस. चार्ल्स कॉब हा गणितज्ञ आणि पॉल डग्लस हा अर्थशास्त्रज्ञ, यांनी १९२८ साली ते उत्पादनासाठी वापरलं. पुढे ते उपयोगितेसाठीही, म्हणजे ग्राहकाचं समाधान मोजण्यासाठीही, सर्रास वापरलं जाऊ लागलं, कारण गणित सुटसुटीत होतं. त्याचा एक गुणधर्म आहे: ग्राहक प्रत्येक वस्तूवर उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा खर्च करतो. भाव दुप्पट झाला तर प्रमाण बरोबर निम्मं. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव एक टक्का वाढल्यावर मागणी किती टक्के घटते ते, नेमकी एक. आता स्वतःला विचारा, भाव दुप्पट होऊन कांदा ८० रुपये किलो झाला की घरात बरोबर निम्मा येतो का? थोडा कमी येतो, पण कांद्यावरचा खर्च वाढतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणजे कांद्यासाठी हे फल घेतलं तर गणित शंभर टक्के बरोबर करूनही उत्तर चुकीचं येणार. इथे अंदाजाचं ऐकायचं.

आणि ही चूक किरकोळ नाही, नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं वर्ष त्यावर ठरतं. लवचिकता एकपेक्षा कमी असेल तर पीक जास्त आलं की भाव त्याहून जास्त प्रमाणात पडतो आणि एकूण पैसा कमी येतो. हे फार जुनं निरीक्षण आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हेनंटने १६९९ साली धान्याचा तक्ता छापला: पीक एक दशांशाने घटलं तर भाव तीन दशांशांनी वाढतो, दोन दशांशांनी घटलं तर आठ दशांशांनी. गुणाकार करून पाहा. १०० मण १०० भावाने विकले तर १०,००० येतात. ९० मण १३० भावाने विकले तर ११,७०० येतात. कमी पिकात जास्त पैसा.

मग लासलगावच्या बाजार समितीत दर पडलेला असताना शेतकरी पुढच्या हंगामात कमी लागवड का करत नाहीत? 'त्यांना कळत नाही' हे उत्तर देऊ नका. ते उत्तर चुकीचं आहे आणि अपमान करणारंही आहे. सूत्र मांडा. एक किलो जास्त विकल्याने मिळणारी सीमांत प्राप्ती म्हणजे भाव गुणिले (एक वजा हिस्सा भागिले लवचिकता). हिस्सा म्हणजे बाजारातल्या एकूण मालात तुमचा वाटा. भाव २० रुपये आणि लवचिकता समजा अर्धी. सगळे कांदा उत्पादक मिळून एकच असते, हिस्सा एक, तर सीमांत प्राप्ती उणे २० रुपये. म्हणजे एक किलो जास्त बाजारात आणला की सगळ्यांच्या मिळून खिशातून २० रुपये जातात. पण एकट्या शेतकऱ्याचा हिस्सा दहा हजारांत एक धरा. मग त्याला मिळतात २० रुपयांना जेमतेम अर्धा पैसा कमी. त्याच्या बाजूने लागवड करणं बरोबर आहे. तोटा बाकीच्यांमध्ये वाटला जातो, आणि बाकीच्यांच्या लागवडीचा तोटा त्याच्यावर येतो. सगळे शहाणे असताना सगळ्यांचं नुकसान होतं. हे ज्याच्या काळजाला लागत नाही त्याने हे सूत्र पुन्हा एकदा सावकाश मांडावं.

उन्हाळ कांदा चाळीत साठवून ठेवण्यामागे हाच हिशेब आहे. माल एकाच आठवड्यात ओतण्याऐवजी महिन्यांवर पसरला की भाव तितका घसरत नाही. पण साठवणीत सड होते, वजन घटतं, आणि हातात रोकड हवी असते. म्हणून थांबण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते.

सीमांत प्राप्तीचं हे सूत्र ज्याच्या कामातून आलं तो फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ आंत्वान कूर्नो. १८३८ सालचं त्याचं पुस्तक, उदाहरण खनिज पाण्याच्या झऱ्यांच्या मालकांचं. मक्तेदार, दोन विक्रेते आणि अगणित विक्रेते हे तीन वेगळे धडे म्हणून तुम्ही शिकता. त्याच्या मांडणीत ते एकाच सूत्रात बसतात, हिस्सा एकपासून शून्याकडे सरकवत नेला की झालं. त्या पुस्तकाकडे कुणी पाहिलं नाही. १८६३ साली त्याने तोच विषय गणित पूर्णपणे गाळून पुन्हा लिहिला, तरीही फारसा उपयोग झाला नाही. मला त्याबद्दल आजही वाईट वाटतं. गणित काढून टाकणं म्हणजे सोपं करणं नव्हे.

कलन जिथे चालतच नाही, असेही कोपरे आहेत. रेशनचं उदाहरण घ्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच जणांचं कुटुंब, २५ किलो. आडव्या अक्षावर धान्य आणि उभ्या अक्षावर बाकीच्या खर्चाला उरणारा पैसा मांडा. अशा घराची बजेट रेषा, म्हणजे परवडणाऱ्या निवडींची सीमा, सरळ नसते: २५ किलोपर्यंत आडवी, मग बाजारभावाच्या उताराने खाली. तिला एक कोपरा आहे. विद्यार्थी सवयीने 'समवृत्ती वक्राचा (सारखंच समाधान देणाऱ्या निवडींच्या रेषेचा) उतार बरोबर भावांचं गुणोत्तर' लिहितात. कोणता भाव? ज्या घराला ४० किलो लागतात आणि जे १५ किलो दुकानातून घेतं, त्याच्या निर्णयाला बाजारभाव लागू आहे. रेशनचं फुकट धान्य त्याच्यासाठी रोख पैशासारखं आहे, धान्याची ओढ त्याने वेगळी वाढत नाही. जे घर बरोबर २५ किलोवर थांबतं, त्याच्या कोपऱ्यावर स्पर्शरेषेची अट लागूच होत नाही. 'धान्य द्यावं की रोख?' हा वाद ऐकताना आधी हे विचारा की घर कोपऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे. हे आकृतीशिवाय दिसणार नाही. आकृती हातानेच काढा.

महावितरणच्या बिलालाही असेच कोपरे आहेत, १०० युनिटला एक, ३०० ला दुसरा. सिद्धांत म्हणतो की माणूस शेवटच्या युनिटच्या दराकडे बघतो. अर्थशास्त्रज्ञ कोइचिरो इटो यांनी कॅलिफोर्नियातली बिलं तपासून २०१४ साली दाखवलं की तिथले ग्राहक सरासरी दराकडे बघतात. तुम्ही घरी बिल आल्यावर कशाकडे बघता?

अभ्यासाला बसल्यावर काय करायचं, याबद्दल थोडं. गणित फार लागत नाही. आंशिक विकलज, साखळी नियम, दुसऱ्या विकलजाची अट, एवढं हाताखाली पक्कं हवं. लाग्रांजच्या गुणकाला घाबरू नका. खिशात एक रुपया जास्त आला तर किती उपयोगिता वाढेल, ते तो सांगतो, इतकंच. आणि उत्तम निवडीला तो रुपया कांद्यावर घाला की बटाट्यावर, वाढ सारखीच येते. उत्तर आलं की आधी एककं बघा: डावीकडे किलो आणि उजवीकडे रुपये असतील तर पुढे जायचंच नाही. मग सगळे भाव आणि उत्पन्न एकदम दुप्पट करा. मागणी बदलली तर कुठेतरी घोटाळा आहे. मग टोकं तपासा, म्हणजे हिस्सा एक ठेवा, शून्य ठेवा, लवचिकता प्रचंड वाढवा, आणि उत्तर तुमच्या माहितीतल्या गोष्टीकडे जातंय का ते बघा. या तपासण्या मिनिटभराच्या आहेत, पण पुस्तकातलं उत्तर उघडण्याआधी करायच्या. आणि शेवटी अर्थशास्त्र न शिकलेल्या एखाद्याला, एकही चिन्ह न वापरता, उत्तर सांगायचं. त्याने 'पण असं का?' विचारलं आणि तुम्ही अडलात, तर जिथे अडलात तिथून पुन्हा गणिताकडे जा.

आता एक गणित देतो. महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांमध्ये किमान २५ किलोमीटरचं हवाई अंतर लागतं, आणि तोडलेला ऊस ताजाच गाळावा लागतो, लांब नेला तर उतारा घटतो. समजा, एका भागात ऊस घेणारा कारखाना एकच आहे. आकडे माझे आहेत, सोईसाठी घेतलेले. हजार टनांत मोजलेला ऊस जसजसा वाढतो, तसा शेतकऱ्यांना द्यावा लागणारा दर टनाला १००० रुपये अधिक उसाच्या दुप्पट, असा वाढतो. एक टन ऊस गाळून कारखान्याला ३४०० रुपये मिळतात. कारखाना सगळ्यांना एकच दर देतो. जास्त ऊस हवा तर आधीच्या सगळ्या उसालाही वाढीव दर द्यावा लागतो, म्हणून त्याचा सीमांत खर्च १००० अधिक उसाच्या चौपट. ३४०० शी जुळवलं की ६०० हजार टन, आणि दर २२०० रुपये. इथवर मी करून दिलं.

आता सरकारने किमान दर २८०० रुपये ठरवला. कारखाना आधीपेक्षा जास्त ऊस घेईल की कमी? बहुतेकांच्या मनात पहिल्या वर्षाचं उत्तर येईल. ते लिहा, कारणासह लिहा, आणि मगच आकडेमोड करा. त्यानंतर २८०० च्या जागी ३४०० घ्या, आणि मग ३६००. प्रत्येक वेळी शेतकऱ्याला मिळणारा एकूण पैसाही काढा. वह्या पुढच्या गुरुवारी घेऊन या, दोन्ही उत्तरं लिहिलेल्या: अंदाजाचंही आणि गणिताचंही, खाडाखोड न करता.